पाच घरांचा महाराज

आत्मारामबद्दल काही लिहा, असं चारुलता म्हणाली तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मला लिहायची सवय नाही. आणि तिचा बाप मला असा कितीसा माहीत होता? कागद कारखान्यात आम्ही बरीच वर्षं एका पाळीत होतो. वसाहतीत आमची घरं पाठीला पाठ लावून होती. पण बायको गेल्यावर तो रडला का, देवावर त्याचा खरंच विश्वास होता का, हे मी कधी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दोघंही तसलेच. शेजारी बसून भाकरी खायची, भोंगा झाला की उठायचं.

"गाववाले पुस्तिका काढताहेत, काका," चारुलता म्हणाली. "त्यात सगळे चमत्कारच असणार. महाराजांनी काठी ठेवली आणि अमुक झालं, तमुक झालं. तुम्ही माझ्या बाबांचं लिहा."

बघतो म्हटलं. लिहिता लिहिता कळत गेलं की हे काही त्या पुस्तिकेत छापणार नाहीत. तेव्हा गावाचं नाव घालत नाही. खकनारच्या रस्त्यावरून आत वळलं की ते लागतं, एवढं पुरे.

त्या गावात जुना मठ आहे. गावाची निम्मी जमीन मठाची. केळी काय, कापूस काय, बहुतेकांचं भिजतं ते मठाच्या विहिरीवर. जमीन कोणी कसायची, पाण्याची पाळी कोणाची, बांध कुठे घालायचा, सोयरीक मोडली तर दोष कोणाचा, हे मठाच्या ओट्यावर ठरतं. सरपंच आहे, पंचायत आहे, खकनारला तहसील आहे. पण तहसीलदाराला गावात काही करायचं असलं की पहिला फोन मठात येतो. निवडणुकीच्या आधी मठाच्या उत्सवात महाराज एका उमेदवाराला पुढे बोलावून नारळ देतात. गाव त्यालाच निवडून देतं. हे आजचं सांगतो आहे, आजोबांच्या वेळचं नाही.

महाराजांच्या हातात एक काठी असते, चांदीच्या मुठीची. भांडण चिघळलं की ते ती काठी दारात नाहीतर बांधावर आडवी ठेवतात. ठेवली की कोणी ओलांडायची नाही. ज्याने ठेवली त्यानेच उचलायची. एकदा चोरीच्या चौकशीला आलेला फौजदार त्या काठीपाशी थबकला, इकडेतिकडे पाहिलं, आणि शेताला वळसा घालून चिखलातून पलीकडे गेला. मी पाहिलं आहे.

तर अशा गादीवर आत्माराम कसा बसला? तो मठाच्या गुराख्याचा मुलगा. लहानपणी मठाच्या गाई राखल्या, मग कारखान्यात लागला, लगद्याच्या खात्यात. अंगाला कायम तो ओला वास. बोलणं कमी. कोणी दोन शब्द जास्त बोललं तर हा मान खाली घालून ऐकून घ्यायचा. चारुलताचं लग्न झालं, बायको वारली, आणि नोकरी संपल्यावर तो गावी जाऊन मठाच्या मागच्या खोलीत राहू लागला. त्याच सुमारास जुने महाराज गेले.

महाराज निवडायचा अधिकार गावातल्या पाच घरांचा. त्यांतली दोन घरं मोठी. एक दगा पाटलाचं. दुसरं धुरपदाबाईचं. नवरा गेल्यापासून तीच घर चालवते, आणि तिच्यापुढे पुरुष माणसं जरा जपून बोलतात. दगा पाटलाला गादीवर त्याचा भाचा हवा होता, धुरपदाबाईला तिचा धाकटा मुलगा. उरलेली तीन घरं आज इकडे, उद्या तिकडे. गादी रिकामी राहिली, पाण्याच्या पाळीला धरबंद राहिला नाही, विहिरीवर डोकी फुटली. शेवटी धुरपदाबाईनेच आत्मारामचं नाव काढलं. ती मला पुढे हसत हसत म्हणाली होती, "नरम पाहून घेतला, कडूभाऊ. वांगं घेतो ना बजारात, तसा दाबून पाह्यला."

दगा पाटील लगेच हो म्हणाला. कारण आत्माराम कोणाचाच नव्हता.

बसवायच्या आधी त्याला ओढ्याच्या पाण्यात उभं करून वचनं घेतली. तशी रीतच आहे. मठाची जमीन स्वतःच्या रक्ताच्या माणसाला द्यायची नाही. पाची घरांना विचारल्याशिवाय काठी ठेवायची नाही आणि उचलायची नाही. गावच्या शिवेबाहेर झोपायचं नाही. आणि पाची घरं मिळून एक नाव घेत नाहीत तोवर गादी सोडायची नाही. आत्मारामने सगळ्याला मान हलवली. त्याला वाटलं होतं, वर्षा-दोन वर्षांची गोष्ट आहे. योग्य माणूस सापडेपर्यंत बसा, असंच त्याला सांगितलं होतं.

मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा तो ओट्यावर गादीवर बसला होता, समोर माणसं दाटलेली. मला काय करावं कळेना. नमस्कार करावा तर हा आत्माराम, न करावा तर सगळे बघताहेत. मी अर्धवट वाकलो. तो अर्धवट उठला. नंतर कित्येक वर्षं माझा हा घोटाळा तसाच राहिला. चारचौघांत "आत्माराम" म्हणता येईना, "महाराज" तोंडातून निघेना. मग मी त्याला हाक मारणंच सोडून दिलं. जवळ जाऊन उभा राहायचो, तो बघेपर्यंत.

त्या दिवशी दुपारपर्यंत तो ऐकत होता. एकाची म्हैस दुसऱ्याच्या केळीत शिरली. एकाची सून माहेराहून येत नाही. कोणाच्या मुलाला सोसायटीत चिकटवायचंय, त्यासाठी महाराजांनी फक्त एक फोन करावा. आत्माराम फोन करत होता, पलीकडचा माणूस "जी महाराज, जी महाराज" म्हणत होता, ते बाहेर ऐकू येत होतं. गर्दी ओसरल्यावर आम्ही मागे गोठ्याजवळ बसलो. त्याने पाय लांब केले.

"थकला दिसतो," मी म्हटलं.

"कारखान्यात भोंगा व्हायचा रे," तो म्हणाला. "इथं भोंगाच नाही."

एकदा मी गेलो तर तो मठात नव्हता, एका बांधावर उन्हात उभा होता. दोन चुलतभावांत वाटेवरून भांडण होतं, म्हणून काठी वाटेवर ठेवली होती. पलीकडे केळीचे घड कापून मांडलेले, अलीकडे व्यापाऱ्याची गाडी उभी. घडांवर काळे डाग पडू लागले होते. ज्याची केळी तो माणूस आत्मारामकडे बघत बसला होता.

"उचलून टाक ना," मी हळूच म्हटलं.

"चार घरं हो म्हणतात. धुरपदाबाई नाही म्हणते. दुसरा भाऊ तिच्याकडचा आहे."

"मग तू इथं उन्हात काहून उभा?"

"घरात बसून काय करू? तो इथं बसलाय."

केळी गेली. लोक म्हणाले, महाराज फार कडक आहेत. तालुक्यात त्याचं नाव आणखी वाढलं. त्यानंतर भोपाळकडच्या एका पुढाऱ्याची मोटार मठापुढे आली. पाया पडून तो माणूस आत्मारामच्या कानाशी बराच वेळ काही बोलला. काय म्हणाला विचारलं तर आत्माराम म्हणाला, "त्याला वाटतं चार गावं माझ्या मुठीत आहेत. मी काय सांगणार त्याला? हो म्हटलं."

अशी वर्षं गेली. योग्य माणूस काही सापडला नाही. दगा पाटील ज्याचं नाव घ्यायचा त्याला धुरपदाबाई नाक मुरडायची, ती ज्याचं घ्यायची त्याच्या सात पिढ्या दगा काढायचा. आत्मारामचे गुडघे गेले, एका डोळ्याने कमी दिसू लागलं. चारुलताने इथे बऱ्हाणपूरला, बुधवाऱ्यात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, घर बांधलं. मागे बापासाठी एक खोली काढली. न्हाणीघर लागून, रात्री लांब जावं लागू नये म्हणून. आत्माराम दिवसा यायचा, जेवायचा, ती खोली बघायचा आणि दिवे लागायच्या आत परत जायचा. शिवेबाहेर झोपायचं नाही म्हणजे नाही. तो मला एकदाच स्पष्ट बोलला. "कडू, मला आता काही नको. त्या खोलीत राहायचंय फक्त. सकाळी चारूने उठवायचं, चहा द्यायचा. बस."

मी म्हटलं, "वचनं कोण पाळतं आता? तू राहून तर बघ."

"पाण्यात उभं राहून दिलीत," तो म्हणाला. विषय संपला.

मग पंचायतीची निवडणूक आली. सरपंचकीला दगा पाटलाचा पुतण्या उभा राहणार होता आणि धुरपदाबाईची मोठी सून. नारळ कोणाला, यावरून गाव आतून तापलेलं. उत्सव जवळ आला तसे पाची घरचे एकेक करून मठात येऊन जाऊ लागले. आत्माराम प्रत्येकाला हळूच विचारायचा, "काठी ठेवायची म्हणतो. तुमची हरकत नाही ना?" प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याच्या दारात ठेवतोय. दगा पाटील तर म्हणाला, "विचारता काय महाराज, आजच ठेवा." धुरपदाबाईने म्हणे हात जोडले.

उत्सवाच्या आदल्या दिवशी त्याने पाचांना मठात बोलावलं. मलाही निरोप होता, नुसतं येऊन बस म्हणून. मी भिंतीजवळ पोत्यावर बसलो. सगळे आल्यावर आत्माराम उठला, गुडघे धरत दारापर्यंत गेला, आणि काठी मठाच्या उंबरठ्यावर आडवी ठेवली. आतून.

"हे काय महाराज?" दगा पाटील म्हणाला.

"तुम्हा सगळ्यांना विचारलं होतं."

 विचारलं होतं हे खरंच होतं.

"गादीवर कोण, ते एक नाव घ्या," आत्माराम म्हणाला. "घेतलं की उचलतो. मी आजच पोरीकडे जातो."

काठी पडली असताना आतल्याने जेवायचं नाही, पाणी तेवढं चालतं. सकाळचे चहा पिऊन आलेले सगळे. पहिला तासभर गमतीत गेला. नावं निघाली, पडली. दगाचा भाचा पुन्हा निघाला, पुन्हा पडला. धुरपदाबाईचा मुलगा निघाला तेव्हा दगा म्हणाला, "तो? त्याला काठी द्याल तर तो त्या काठीनं बोरं पाडील."

"आणि तुझा भाचा चांदीची मूठ विकून येईल," धुरपदाबाई म्हणाली.

दुपार झाली. बाहेर माणसं जमली होती. कोणाच्या तरी घरून वरण-बट्टीचा वास आला आणि आत सगळे गप्प झाले. दगा पाटलाने खिशातून औषधाची गोळी काढली, बघितली, परत ठेवली.

"महाराज, माझी साखरेची गोळी आहे. वर भाकर खावी लागते."

"नाव घ्या आणि जेवा, पाटील."

"उपाशी मारता का माणसाला?"

"मरत नाई तू," धुरपदाबाई म्हणाली. "चार दिवस पुरेल एवढं आहे तुझ्यापाशी, कमरेला."

बाकी तिघांतला एक जण हसला. दगानेही शेवटी तोंड वाकडं केलं.

आत्माराम यात बोलत नव्हता. माझ्याकडे आला आणि पोत्याच्या कडेला टेकला. ऊन उतरायला लागलं होतं. तेवढ्यात आम्ही पाहिलं, दगा पाटील आणि धुरपदाबाई दोघं खांबामागे जाऊन बोलत होते. कित्येक वर्षांत त्या दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून शब्द टाकला नव्हता. मग त्यांनी बाकीच्या तिघांना बोलावलं. पाची डोकी एकत्र आली.

आत्मारामचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. कारखान्यातही नाही. तो माझ्या कानाशी म्हणाला, "चारूला फोन कर. सांग, मागच्या खोलीतलं सामान काढून ठेव."

मी फोन काढला, पण लावला नाही. का ते सांगता येत नाही. तिथे रेंज पण धड नसते.

दगा पाटील पुढे आला. घसा साफ केला. "महाराज, पाची घरांचं एक नाव ठरलं."

"बोला."

"आत्माराम."

 मग आत्माराम म्हणाला, "कोणता आत्माराम?"

"गावात दुसरा आहे का?" धुरपदाबाई म्हणाली. आणि मग ती जरा जवळ आली, आवाज खाली आणला. तिला त्याच्याबद्दल माया नव्हती असं मला म्हणता येणार नाही. "हे पाह्य बाप्पा. याचा बसला तर मी जगू देणार नाही. माझा बसला तर हा जगू देणार नाही. तुझ्यावर कोणी जळत नाही. तू बसलेला असलास की सगळ्यांना झोप येते. एक नाव घ्या म्हणालास. आम्ही एक नाव घेतलं. तुझ्याशिवाय कोणी, असं तू म्हणाला नाहीस."

आत्माराम मान खाली घालून ऐकत होता. पाळीवरचा साहेब बोलताना ऐकायचा तसाच. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. नाही म्हणेल, काठी फेकेल. माझ्या अंगात असतं तर मीच बोललो असतो, पण माझ्याही अंगात नाही. मी पोत्यावरच बसून राहिलो.

"काठी उचलू ना?" त्याने विचारलं. पाचांना. वचनाप्रमाणे.

"उचला महाराज," पाचही जण म्हणाले.

तो दारापर्यंत गेला. वाकता येईना म्हणून खाली बसला, काठी उचलली, आणि काठीच्याच आधाराने उभा राहिला. बाहेर माणसांनी जयजयकार केला. "जेवून घ्या," तो पाचांना म्हणाला.

खांबामागे त्या दोघांनी सरपंचकीचंही मिटवून टाकलं होतं. या वेळी सून, पुढच्या वेळी पुतण्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं त्याप्रमाणे आत्मारामने सुनेला नारळ दिला. वर्षानुवर्षांचं वैर महाराजांनी एका दिवसात मिटवलं, असं पंचक्रोशीत झालं. पुस्तिकेत तो प्रसंग पहिल्या पानावर आहे असं ऐकतो.

त्यानंतर त्याने गादी सोडायचा विषय माझ्याशी काढला नाही. मी गेलो की गोठ्याजवळ बसायचो. बोलणं आधीच कमी, ते आणखी कमी झालं. माणसं येतच होती. म्हशी, सुना, बांध, फोन. तो ऐकत होता, मान हलवत होता. एकदा मी विचारलं, "राग नाही येत?" तो म्हणाला, "कोणाचा येऊ देऊ? सगळे आपापल्या परीनं खरं बोलतात." मग म्हणाला, "थकवा येतो तेवढा."

गेल्या पौषात तो मठातच गेला. सकाळी उठला नाही. आता गादी रिकामी आहे, आणि विहिरीवर पुन्हा डोकी फुटू लागलीत असं कानावर येतं.

त्याच्या आधी, दिवाळीनंतर, तो डोळे दाखवायला बऱ्हाणपूरला आला होता. दवाखान्यातून चारुलताकडे आला, मीही जेवायला होतो. भरल्या वांग्याची भाजी होती, त्याने दोनदा मागून घेतली. जेवल्यावर चारुलताने मागच्या खोलीत गादी घातली. नवी चादर.

"आडवे व्हा थोडं. मी उठवते ना."

"नको ग. डोळा लागला तर?"

"दुपारचीच झोप आहे बाबा. त्याला कोण झोप म्हणतं?"

"मीच म्हणतो ना," तो म्हणाला.

नात भूमिका दारात उभी होती. "आबा, आप भी ना. कोण बघतंय इथे? मैं किसी को नहीं बोलूँगी."

तो हसला. पलंगाजवळच्या खुर्चीवर बसला, हात गादीवर ठेवला, आणि मला म्हणाला, "कडू, तू बोलत राह. मला पेंग येतेय."  मी कारखान्याचं काहीबाही बोलत राहिलो, कोण वारलं, कोणाचा मुलगा इंदूरला गेला. त्याची मान दोनदा खाली आली, दोनदा त्याने वर घेतली. हात गादीवरच होता. चारुलता स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

ऊन कलल्यावर मी त्याला बस स्टँडवर पोचवायला गेलो. खकनारची बस लागलेली होती. कंडक्टरने ओळखलं, "महाराज, महाराज" करत पुढची जागा रिकामी करून दिली. जो माणूस उठला तो पायाही पडला. आत्माराम खिडकीशी बसला, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून. मी खाली उभा होतो. आजूबाजूला माणसं होती, म्हणून नेहमीसारखा काही न बोलता. बस चालू झाली तसं ऊन थेट त्याच्या डोळ्यावर आलं. त्यात औषध घातलेलं होतं.

"काच ओढून घे," मी म्हटलं. "डोळ्यावर येतंय."

"राहू दे," तो म्हणाला. "वारा लागला की झोप येत नाही."